टकलावरचे औषध : किती वर्षे आणि किती उपयोग?

शाळेच्या पत्रिकेत टक्कल हा विषय पाहून काही पालकांना हसू येईल. हसावे, हरकत नाही. पण गेल्या दोन-तीन पालक सभांमध्ये, सभा आटोपल्यावर, चहाच्या कपासोबत हळूच विचारला जाणारा प्रश्न अभ्यासाचा किंवा फीचा नव्हता. "मुलगा चार महिन्यांपासून डोक्याला औषध लावतो आहे, काही फरक नाही. आणखी पैसे घालावे का?" असा तो होता. आपल्या शाळेतून शिकून नागपूर, पुणे, हैदराबादला नोकरीला लागलेली मुले दिवाळीत बालाघाटला येतात तेव्हा डोक्यावर टोपी असते, आणि लग्नाच्या बायोडाट्याला जोडलेला फोटो पाच वर्षांपूर्वीचा असतो. बारावीच्या एका मुलाच्या दप्तरातही मोठ्या भावाची औषधाची बाटली निघाली. म्हणून आम्ही ठरविले की या विषयावर एकदा सविस्तर लिहावे. आम्ही डॉक्टर नाही. परंतु या औषधांच्या चाचण्या छापून आलेल्या आहेत आणि त्या वाचून समजून घेणे विज्ञान शिकलेल्या कोणालाही जमण्यासारखे आहे.

सर्वप्रथम हे स्पष्ट करू की केस गळणे आणि टक्कल पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, मग सुमारे तीन महिने विश्रांती घेतो, गळतो आणि त्याच मुळातून नवा येतो. त्यामुळे रोज पन्नास ते शंभर केस कंगव्यात येणे हे स्वाभाविक आहे. टायफॉईड, डेंग्यू, मलेरिया यांसारख्या मोठ्या तापानंतर पुष्कळ केस एकाच वेळी विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ गळतात. आपल्या जिल्ह्याला तापाची काही नवलाई नाही, त्यामुळे हा अनुभव घरोघरी आहे. कोरोनानंतरही पुष्कळांना तो आला. असे गळलेले केस बहुतेक वेळा सहा महिन्यांत आपोआप परत येतात. मात्र त्या सहा महिन्यांत जे काही लावले असेल, मग ते कांद्याचा रस असो, जास्वंदीचे तेल असो की महागडी बाटली, श्रेय त्यालाच मिळते. बाजारातील निम्म्या जाहिराती या एका गैरसमजावर चालत असाव्यात, असा आमचा कयास आहे.

याचे ताजे उदाहरण आपल्या ओळखीच्या मुलखातले आहे. आपल्यापैकी अनेक कुटुंबे गजानन महाराजांच्या दर्शनाला शेगावला जातात. त्याच शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड वगैरे गावांत डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये लोकांचे केस अचानक गळू लागले. पुरुष, बायका, मुली, सगळ्यांचेच, आणि तेही काही दिवसांत. आधी शाम्पूवर संशय गेला, मग पाण्यावर. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक तपासणीला आले. पुढे विंचूदंशावरील उपचारांसाठी प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी रेशनच्या गव्हात सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण फार असल्याचे सांगितले. सेलेनियम शरीरात जास्त झाले की केस आणि नखे गळतात, हे विज्ञानाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. त्या काळात गावातील मुलींची लग्नाची बोलणी खोळंबल्याच्या बातम्या होत्या, यावरून केसांचे दुःख केवळ हौसेचे नसते हे लक्षात यावे. पण पुढच्या काही आठवड्यांत अनेकांचे केस पुन्हा उगवू लागले. तेव्हा एखाद्या तेलवाल्याने तिथे दुकान मांडले असते तर त्याचे तेल नक्कीच रामबाण ठरले असते.

पुरुषांचे वंशपरंपरागत टक्कल असे नसते. ते एका आठवड्यात येत नाही, कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून किंवा भोवऱ्यापासून सुरू होऊन वर्षानुवर्षे सरकत राहते आणि आपोआप परत फिरत नाही. म्हणून त्यावरचे औषधही महिन्यांच्या नव्हे, वर्षांच्या हिशेबाने तपासावे लागते. पालकांच्या प्रश्नाचे उत्तर इथूनच सुरू होते.

टक्कल का पडते याचा पहिला पक्का धागा १९४२ साली अमेरिकेतील जेम्स हॅमिल्टन यांनी पकडला. वयात येण्यापूर्वीच ज्यांच्या शरीरात पुरुषी हार्मोन तयार होणे बंद झाले होते अशा पुरुषांना टक्कल पडत नाही, असे त्यांना आढळले. त्यांना ते हार्मोन बाहेरून दिल्यावर ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांचे केस जाऊ लागले, बाकीच्यांचे नाही. म्हणजे टकलाला दोन गोष्टी लागतात, हार्मोन आणि वारसा. आणखी एक महत्त्वाची गोष्ट त्यांनी नोंदविली. हार्मोन देणे थांबविल्यावर टक्कल पुढे सरकायचे थांबले, पण गेलेले केस परत आले नाहीत. ही नोंद आजही लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पुढे कळले की मुख्य दोष टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात तयार होणाऱ्या दुसऱ्या एका पदार्थाचा आहे. त्याचे लांबलचक नाव डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, डॉक्टर त्याला डीएचटी म्हणतात. ज्यांना वारसा आहे त्यांच्या डोक्याच्या वरच्या भागातील केशमुळे या डीएचटीपुढे दर फेरीत लहान होत जातात. केसाची वाढ पूर्वी चार वर्षे चालायची, ती वर्षावर, मग महिन्यांवर येते. केस आधी बारीक होतो, मग लव होते, मग काहीच दिसत नाही. डोक्याच्या मागच्या बाजूच्या मुळांवर हा परिणाम होत नाही, म्हणून टकलावरसुद्धा मागे झालर उरते, आणि केस रोपणासाठी तिथलेच केस घेतात. वारशाबद्दल आपल्याकडे सगळा दोष आईच्या वडिलांना किंवा मामाला देण्याची पद्धत आहे. त्यात थोडे तथ्य आहे, कारण संबंधित एक महत्त्वाचा जनुक आईकडून येणाऱ्या एक्स गुणसूत्रावर असतो. परंतु इतर पुष्कळ जनुके वडिलांकडूनही येतात. आजोबांना एकट्याला दोष देऊ नये.

आता औषधांकडे येऊ. चांगल्या चाचण्यांतून पार पडलेली आणि जगभर वापरात असलेली मुख्य औषधे दोनच आहेत, लावायचे मिनॉक्सिडिल आणि पोटात घ्यायचे फिनास्टेराइड. दोन्हीही मुळात केसांसाठी शोधलेली नाहीत. मिनॉक्सिडिल ही अमेरिकेतील अपजॉन कंपनीची रक्तदाबाची गोळी होती. ती घेणाऱ्यांच्या अंगावर, कपाळावर केस वाढू लागले, तेव्हा तिचे द्रावण करून डोक्याला लावून पाहिले गेले. १९८८ साली २ टक्क्यांच्या द्रावणाला अमेरिकेत मान्यता मिळाली, पुढे १९९७ साली ५ टक्क्यांचे आले. फिनास्टेराइड हे मर्क कंपनीचे प्रोस्टेट ग्रंथीच्या वाढीवरचे औषध, ५ मिलिग्रॅमची गोळी, १९९२ सालची. ते डीएचटी तयार होऊ देत नाही. त्याच औषधाच्या १ मिलिग्रॅमच्या गोळीला १९९७ च्या डिसेंबरात टकलासाठी मान्यता मिळाली.

फिनास्टेराइडची पाच वर्षांची चाचणी २००२ साली प्रसिद्ध झाली. ती थोडी सविस्तर सांगतो, कारण सगळे मर्म तिच्यात आहे. १८ ते ४१ वयाचे १५५३ पुरुष निवडले गेले, ज्यांचे भोवऱ्याजवळचे केस विरळ होत होते. काहींना खरी गोळी दिली, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली कोरी गोळी. कोणाला काय मिळते हे त्यांना ठाऊक नव्हते. डोक्यावर एक इंच व्यासाचे वर्तुळ आखून त्यातले केस मोजले गेले. सुरुवातीला त्या वर्तुळात सरासरी ८७६ केस होते.

एक वर्षानंतर खऱ्या गोळीवाल्यांचे केस सुमारे ८६ ने वाढले आणि कोऱ्या गोळीवाल्यांचे सुमारे २१ ने कमी झाले. दोघांतील अंतर १०७. पाच वर्षांनंतर काय? खऱ्या गोळीवाल्यांची वाढ ८६ वरून ३८ वर घसरली होती. इथेच पुष्कळ मुले म्हणतात, "औषधाचा असर संपला," आणि गोळी बंद करतात. पण कोऱ्या गोळीवाल्यांकडे बघा. त्यांचे २३९ केस गेले होते. म्हणजे दोघांतील अंतर १०७ वरून २७७ झाले. औषधाचा असर संपला नव्हता, उलट फायदा दुपटीहून अधिक झाला होता. तो आरशात दिसत नव्हता एवढेच, कारण आरशात आपण स्वतःला कालच्या स्वतःशी ताडून पाहतो. औषध घेतले नसते तर आज आपण कसे दिसलो असतो, ते आरसा दाखवीत नाही.

फोटोंवरून निर्णय देणाऱ्या तज्ज्ञांनाही तसेच दिसले. पाच वर्षांनी खऱ्या गोळीवाल्यांपैकी ४८ टक्क्यांचे केस पूर्वीपेक्षा बरे होते, ४२ टक्क्यांचे होते तसे राहिले, उरलेल्या दहा टक्क्यांचे कमी झाले. कोऱ्या गोळीवाल्यांपैकी ७५ टक्क्यांचे कमी झाले होते. गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी एक सूचना. ४८ आणि ४२ ची बेरीज करून जाहिरातीत "नव्वद टक्के यश" लिहिता येते आणि ते खोटेही नसते. परंतु वाचणाऱ्याला वाटते नव्वद टक्क्यांना केस आले. तसे नाही. जवळपास निम्म्यांच्या बाबतीत यश म्हणजे जे होते ते टिकणे.

आणखी दोन गोष्टी सांगितल्या नाहीत तर हिशेब अपुरा राहील. ही चाचणी औषध बनविणाऱ्या कंपनीच्याच पैशांनी झाली होती, आणि पाच वर्षे कोऱ्या गोळीवर टिकून राहिलेले पुरुष शेवटी थोडेच उरले होते. ज्याला फरक पडत नाही तो कंटाळून निघून जातो, त्यामुळे शेवटी राहिलेल्यांचे आकडे थोडे गोड असू शकतात. तरीही दोन गटांतील अंतर एवढे मोठे आहे की औषध काम करते याबद्दल शंका उरत नाही.

गोळी सोडली तर काय होते, हेही त्याच चाचणीत पाहिले गेले. एक वर्ष खरी गोळी देऊन पुढच्या वर्षी न कळत कोरी गोळी दिली, तेव्हा वर्षभरात मिळवलेले बारा महिन्यांत निघून गेले. उलट ज्यांना एक वर्ष उशिराने खरी गोळी मिळाली त्यांना फायदा झाला, पण आधीपासून घेणाऱ्यांइतका नाही. हॅमिल्टन यांची १९४२ ची नोंद इथे पुन्हा खरी ठरते. गेलेले फारसे परत येत नाही, असलेले राखता येते.

मिनॉक्सिडिलचा दीर्घकाळचा हिशेब याहून साधा आहे. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३१ पुरुषांना साडेचार-पाच वर्षे पाहिले गेले. त्यांची केसांची संख्या साधारण एका वर्षात शिगेला पोहोचली, नंतर हळूहळू उतरली, तरी पाच वर्षांच्या शेवटी सुरुवातीपेक्षा जास्तच होती. हे औषध डीएचटीला हात लावत नाही. ते केशमुळाला वाढीच्या अवस्थेत ढकलते, टकलाचे मूळ कारण मात्र आपले काम करीतच राहते. म्हणून ते बंद केल्यावर तीन-चार महिन्यांत डोके जिथे असायचे तिथे येते. "औषध सोडल्यावर जास्त केस गेले" अशी तक्रार आपण ऐकतो ती यामुळेच. औषधाने इतके दिवस थोपवून धरलेले एकदम खाली येते. ज्यांच्या त्वचेत हे औषध कामाला लावणारे द्रव्य कमी असते त्यांना उपयोगही कमी होतो, मग बाटली कितीही महाग असो. सुरुवातीच्या दोन ते आठ आठवड्यांत केस उलट जास्त गळू शकतात. ते जुने केस नव्यांना जागा देत असतात. नेमके याच वेळी घाबरून सोडणारे पुष्कळ आहेत.

म्हणून चार महिन्यांच्या प्रश्नाचे उत्तर असे, की चार महिने हा निर्णयाचा काळच नाही. सहा महिन्यांपूर्वी बोलू नये आणि वर्षभराने निकाल द्यावा. निकाल आरशावरून नव्हे तर फोटोवरून द्यावा, सुरू करण्यापूर्वी काढलेला, त्याच जागी, त्याच उजेडात, कोरड्या केसांचा. वर्षभर नेमाने लावूनही काहीच नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबावे. आणि सुरू करण्यापूर्वीच घरात बसून विचार करावा की हे पंधरा-वीस वर्षे चालू ठेवायचे आहे काय. दर महिन्याचा खर्च बारा महिन्यांनी आणि मग वीस वर्षांनी गुणून पाहावा. लग्न होईपर्यंत लावायचे आणि मग सोडायचे असा बेत असेल तर वर्षभरातच सासरच्यांना खरे डोके दिसेल, हे आधीच धरून चालावे. आमच्या मते बायोडाट्याला आजचा फोटो जोडणे स्वस्त पडते.

दुष्परिणामांबद्दल घरी मोकळेपणाने बोलले जात नाही म्हणून लिहितो. फिनास्टेराइड घेणाऱ्या थोड्या पुरुषांना लैंगिक तक्रारी होतात. चाचण्यांत त्यांचे प्रमाण कमी होते आणि बहुतेकांच्या तक्रारी गोळी बंद केल्यावर गेल्या, परंतु काहींच्या बंद केल्यावरही राहिल्याची नोंद झाल्याने २०१२ साली अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकात तसे लिहिणे भाग पडले. त्याहून गंभीर गोष्ट मनाची आहे. मे २०२५ मध्ये युरोपच्या औषध संस्थेने तपासणीअंती आत्महत्येचे विचार येणे हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याचे मान्य केले. तो किती जणांना होतो हे आकड्यात सांगता आलेले नाही, आणि अशा नोंदी मुख्यतः टकलासाठी १ मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या आहेत. बाहेरगावी एकटा राहणारा मुलगा ही गोळी घेत असेल आणि फोनवर तुटक बोलू लागला, उदास वाटू लागला, तर त्याला विचारावे, गोळी थांबवून डॉक्टरांकडे न्यावे. विचारता यावे यासाठी तो गोळी घेतो हे घरात ठाऊक असायला हवे. लपवून घेतलेल्या औषधाचा हाच मोठा धोका आहे. ओळखीच्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणून खाण्याची ही वस्तू नव्हे. रक्तदाबाची मिनॉक्सिडिलची गोळी अल्प मात्रेत केसांसाठी देण्याची पद्धतही अलीकडे वाढली आहे. तिने पायांवर सूज आणि छातीत धडधड होऊ शकते, म्हणून तीही डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊ नये.

विद्यार्थ्यांना आमचे सांगणे सरळ आहे. ही दोन्ही औषधे १८ वर्षांखालील मुलांसाठी नाहीत. नववी ते बारावीत केस गळत असतील तर ते ताप, अशक्तपणा, रक्ताची कमतरता, थायरॉइड किंवा उंदरी लागल्यासारखा गोल चट्टा यांपैकी काही असण्याची शक्यता पुष्कळ आहे, आणि यांचे उपचार वेगळे आहेत. आधी डॉक्टरांना दाखवावे. आणि वर्गात कोणाला "टकल्या" म्हणून हाक मारलेली आम्हाला ऐकू आली तर हाक मारणाऱ्याला कार्यालयात यावे लागेल, मग तो कितीही हुशार असो.

जाहिरातींविषयी कायद्याची एक गोष्ट पालकांना उपयोगी पडेल. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या अनुसूची 'जे' मध्ये अशा रोगांची यादी आहे की जे बरे करण्याचा किंवा टाळण्याचा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही. त्या यादीत टक्कल आहे. तेव्हा "टक्कल कायमचे बरे" असे ज्या बाटलीवर किंवा भिंतीवर लिहिले असेल, तिथे औषधाचा विचार करण्याची गरजच नाही.

शेवटी घरातल्या काही सावधगिऱ्या. फिनास्टेराइडची चुरा झालेली किंवा तुटलेली गोळी गर्भवती स्त्रीने हाताळू नये, पोटातील मुलग्याच्या वाढीला त्याने अपाय होऊ शकतो. पैसे वाचवायला ५ मिलिग्रॅमची गोळी ओट्यावर चाकूने कापणारी मंडळी आहेत, त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. मिनॉक्सिडिल लावल्यावर हात साबणाने धुवावेत, ओल्या डोक्याने तान्ह्या बाळाला कुशीत घेऊ नये, बाळाच्या अंगावर केस वाढू शकतात. घरात मांजर असेल तर बाटली आणि उशीची खोळ तिच्यापासून दूर ठेवावी, मांजरीला हे औषध विषासारखे आहे. रक्तदान शिबिरात फिनास्टेराइड घेत असल्याचे आधी सांगावे. आणि आमच्या वयाच्या पालकांनी व विश्वस्तांनी प्रोस्टेटसाठी पीएसए नावाची रक्ततपासणी करण्यापूर्वी डॉक्टरांना ही गोळी घेत असल्याचे अवश्य सांगावे. या गोळीने तो आकडा सुमारे निम्मा होतो, आणि डॉक्टरांना ठाऊक नसेल तर वाढलेला आकडाही त्यांना ठीकच वाटेल.